यामल हाताने लिहिणं सोडलं त्याची गोष्ट, आणि काही प्रश्न

मोंढाकाठ (लातूर)

राम राम मंडळी. आम्ही तिघं मिळून मोंढ्यातल्या काही अडत दुकानांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शेतकऱ्याचा माल उतरला की आवक, मग सौदा, मग तोलाई, हमाली-तोलाई वजा करून पट्टी, पट्टीचे पैसे आणि शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप. या सहा सेवा, आणि सगळ्यांच्या दारात बसलेली लॉगिन ही सातवी. प्रत्येकीचा कंटेनर वेगळा. लॅपटॉपवर डॉकर कंपोज (एका मशीनवर सगळे कंटेनर एकत्र उठवणारं साधन) वापरतो, ऑफिसातल्या एका मशीनवर के३एस, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचं हलकं रूप.

गेल्या दसऱ्यापर्यंत या सगळ्याच्या सेटिंगच्या फायली, यामल नावाच्या मांडणीतल्या, हातानेच लिहायचो. लिहायचो कसलं, नवी सेवा आली की जुनीची फाइल कॉपी करायची आणि नाव बदलायचं. एकदा 'निरोप'ची फाइल 'पैसे'वरून काढली. वरचं नाव बदललं, पण आतल्या पॉडचं (कुबरनेटीस कंटेनर ज्यात चालवतो त्या डब्याचं) लेबल 'पैसे'चंच राहिलं. पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, तर सगळ्यांचा ८०८०च. झालं! 'पैसे'ला मारलेल्या साधारण निम्म्या हाका 'निरोप'कडे जायला लागल्या. गंमत म्हणजे उरलेल्या निम्म्या बरोबर जायच्या, त्यामुळे दुपारभर आम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसलो. कुबरनेटीसचा काही दोष नव्हता. तो लेबल बघतो, नाव नाही.

त्या संध्याकाळी ठरवलं, की एक छोटं मॉडेल लिहायचं आणि फायली त्यातून काढायच्या. आमच्या मॉडेलचा एक तुकडा असा दिसतो:

सेवा पट्टी
  विचारते : सौदा, तोलाई
  कळवते : पैसे, निरोप
  साठवते : हिशोब

'विचारते' म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबते. 'कळवते' म्हणजे निरोप रांगेत टाकून पुढच्या कामाला लागते. 'साठवते' म्हणजे स्वतःचा डेटाबेस आहे. एवढ्यावरून पायथनची पाचसहाशे ओळींची स्क्रिप्ट डॉकरफाइल (कंटेनर कसा बांधायचा), कंपोजची नोंद, डिप्लॉयमेंट (काय चालवायचं), सर्व्हिस (त्याचा पत्ता), कॉन्फिगमॅप (सेटिंग) आणि डिस्कची मागणी असं सगळं काढून देते. मराठीत ठेवलं कारण दुकानातले मुनीमजीसुद्धा ते वाचून 'हे असं नाही चालत आमच्याकडं' म्हणून सांगू शकतात. यामल दाखवलं असतं तर चहा पाजून वाटेला लावलं असतं.

मराठीचा एक फटका बसलाच. कुबरनेटीसला नाव लागतं रोमन लहान अक्षरांत, आकडे आणि आडवी रेघ चालते, लांबी जास्तीत जास्त ६३. म्हणून स्क्रिप्ट मराठी नावाचं रोमन करायची. हिशोबाची पट्टी होतीच. तोलाईच्या पोराने हमालांच्या पाटीसाठी 'पाटी' नावाची सेवा करून बघितली. आमची स्क्रिप्ट काना आणि जोडाक्षर दोन्ही गाळायची, त्यामुळे दोघींचं रोमन एकच आलं आणि दुसरीने पहिलीच्या फायली गुपचूप पुसल्या. आता रोमन नाव मॉडेलमध्ये आम्हीच लिहितो.

तर प्रश्न असे. काढलेल्या फाइलीत कुणी हाताने बदल केला तर काय करायचं? मॉडेलमध्ये किती घालायचं आणि किती बाहेर ठेवायचं? आणि हे सगळं आयतं मिळत असताना आम्ही उगाच चाक घडवत बसलोय का?

सोयाबीन_भाव

दादा, मी अजून शिकायलो. कंटेनर म्हंजे नेमकं काय ते साध्या भाषेत सांगा की. वाचून डोकं गरगरायलंय.

मोंढाकाठ

@सोयाबीन_भाव प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सेटिंग, सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे इमेज. ती इमेज चालू केली की कंटेनर. त्याला वाटतं पूर्ण मशीन आपलंच आहे, पण खाली लिनक्सचं कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा गाभा, सगळ्यांचं एकच असतं. डॉकरने २०१३ मध्ये हे सोपं केलं. असे बरेच कंटेनर झाले की कोण कुठे चालणार, मेला तर कोण उठवणार, हे बघायला गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटीस सगळ्यांसाठी खुलं केलं. आणि ते त्याला सांगायचं कसं, तर फायली लिहून. आमचं रडगाणं त्या फायलींचं आहे.

पैठणगेट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन माणसं आणि सात सेवा? एकच ॲप्लिकेशन करा, एक डेटाबेस ठेवा, एक डॉकरफाइल. मग मॉडेल नको, जनरेटर नको, धागाही नको.

मोंढाकाठ

@पैठणगेट राग कसला, अर्धं खरं आहे. पट्टी आणि पैसे एकत्र ठेवले असते तर काही बिघडलं नसतं. पण निरोप वेगळा लागतोच. दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक सुरू झाली की संध्याकाळी एकदम एवढे निरोप सुटतात, की ते पट्टीच्याच प्रोग्रॅममध्ये असते तर पट्टी निघायची थांबली असती. आणि ट्रॅक्टर लावून उभ्या माणसाला पट्टी वेळेवर मिळाली नाही तर तो सॉफ्टवेअरला नाही, अडत्याला बोलतो. अडत्या मग आम्हाला.

वाळूजवाला

आमच्याकडे कारखान्याच्या आतलीच चाळीसेक ॲप्लिकेशन्स आहेत. आम्ही हेल्म वापरतो, कुबरनेटीसच्या फायली साच्यातून काढायला. एक सामाईक चार्ट (साच्यांचा गठ्ठा), आणि प्रत्येक सेवेची व्हॅल्यूजची छोटी फाइल. तुमच्या मॉडेलसारखंच झालं की ते. आयतं आहे, जगभर चालतं, नवीन पोरगा आला तरी त्याला माहीत असतं. तुमची स्क्रिप्ट तुम्ही तिघं सोडून कुणाला कळणार?

गोदातीर (नांदेड)

वाळूजवाला, फरक आहे. हेल्म साचा भरतो. साचा म्हणजे मजकूर, त्याला यामलची रचना कळत नाही. म्हणून तर आत किती जागा सोडायची ते मोजत बसावं लागतं आणि एक जागा चुकली की अख्खी फाइल कोसळते. पण मुद्दा तो नाही. तुमच्या व्हॅल्यूजच्या फाइलीत पोर्ट असतो, इमेज असते, प्रती किती ते असतं. 'पट्टी सौद्याला विचारते' हे वाक्य त्यात कुठे असतं? पत्ता म्हणून एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) पडलेलं असेल. हेल्मला ते कळत नाही.

मी शिकवतो, म्हणून जरा मागचं सांगतो. मॉडेलवरून कोड काढायची कल्पना जुनी आहे. ओएमजी या संस्थेने २००१ मध्ये एमडीए, म्हणजे आधी मॉडेल मग त्यातून कोड ही पद्धत, मांडली तेव्हापासून आम्ही यूएमएलची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आराखड्याची, चित्रं काढून जावाचे सांगाडे पाडत होतो. चित्र एकदाच कामाला यायचं. पुढे माणसं कोडमध्ये बदल करायची आणि चित्र भिंतीवर पिवळं पडायचं. तैनातीसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर मशीनवर चढवण्यासाठी, २०१३ मध्ये ओएसिस या संस्थेने टोस्का हे प्रमाण आणलं. मायक्रोसर्व्हिससाठी, म्हणजे तुमच्यासारख्या छोट्या वेगळ्या सेवांसाठी, म्हणाल तर जर्मनीत डॉर्टमुंडला लेम्मा नावाच्या भाषा तयार झाल्यात. त्यात डेटाचं मॉडेल वेगळं, सेवांचं वेगळं, तंत्रज्ञानाचं वेगळं आणि चालवण्याचं वेगळं. त्या चालवण्याच्या मॉडेलमधून डॉकर आणि कुबरनेटीसच्या फायली निघतात. रोजच्या कामातलं उदाहरण हवं असेल तर जेहिप्स्टर हे जावाचा कोड काढून देणारं साधन बघा. त्याच्या जेडीएल भाषेत सेवा आणि एंटिटी (डेटातल्या वस्तू) लिहिता येतात, शेवटी डिप्लॉयमेंटचा तुकडा टाकला की कंपोजच्या किंवा कुबरनेटीसच्या फायली मिळतात. सगळ्या सेवा जावातच असतील तर आयतं आहे. वेगवेगळ्या भाषांचं मिश्र असेल तर तो सदरा अंगाला बसत नाही.

अवांतर: मॉडेल यामलमध्ये ठेवलं असेल तर जपून. आमच्या एका प्रकल्पात मुलांनी शाखांचे एसटीडी कोड मॉडेलमध्ये अवतरणचिन्हाशिवाय लिहिले होते. नांदेडचा ०२४६२ पायथनने वाचला आणि फाइलीत उतरला १३३०. सुरुवातीचं शून्य दिसलं की यामलचे जुने नियम आकडा अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठच्या पायावरचा, धरतात. २ गुणिले ५१२, ४ गुणिले ६४, ६ गुणिले ८ आणि वर २. बेरीज करून बघा. जालन्याचा ०२४८२ मात्र शाबूत राहिला, कारण ८ हा अंक अष्टमानात बसतच नाही. पोरं दोन दिवस जालना आणि नांदेडमध्ये फरक काय ते शोधत होती.

सोयाबीन_भाव

बेरीज केली. १३३०च आली. लै भारी.

वाळूजवाला

हा एसटीडी कोड आज चहाच्या टपरीवर सांगणार.

@गोदातीर मान्य, 'कोण कुणाला विचारतो' आमच्या चार्टमध्ये नाही. पण ते असून फायदा काय? फाइल तर तीच निघणार.

मोंढाकाठ

@वाळूजवाला फायदा काय ते आम्हाला उलट्या बाजूने कळलं. ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवी होती, लाज वाटली म्हणून गाळली.

कंपोजमध्ये 'डिपेंड्स ऑन' लिहिता येतं, की आधी हा उठू दे, मग तो. कुबरनेटीसमध्ये त्याला जोडच नाही. म्हणून आमच्या शहाण्या स्क्रिप्टने 'विचारते' दिसलं की पॉडला एक इनिट कंटेनर लावायला सुरुवात केली. त्याचं काम एकच, समोरच्या सेवेचं दार वाजवत राहायचं आणि उत्तर आलं की बाजूला व्हायचं. मग खरी सेवा चालू होणार. महिनोन्महिने सुरळीत चाललं.

मध्ये मुनीमजी म्हणाले, सौदा करतानाच शेतकऱ्याची जुनी उचल दिसली पाहिजे. उचल पट्टीत असते. मॉडेलमध्ये 'सौदा विचारते पट्टी' अशी ओळ वाढवली, फायली काढल्या, चढवल्या, चाललं. पट्टी आधीपासून चालूच होती ना, सौद्याने दार वाजवलं, उत्तर आलं. पुढे पट्टीची नवी आवृत्ती चढवली, तेव्हा सौदा चालू होता. तेही चाललं.

मग एका सकाळी लाईट गेली. यूपीएसने त्याच्या वयाप्रमाणे साथ दिली आणि मशीन बसलं. लाईट आली, मशीन उठलं, के३एस उठला, आणि सौदा पट्टीची वाट बघत, पट्टी सौद्याची वाट बघत, दोघंही इनिटमध्ये शून्य भागिले एक. त्यांच्यामागे उभी आवक. वेळ साडेदहाची, सौदे निघायची. दुकानात माणूस कागदाच्या पावत्या फाडायला लागला. मी घाईत पट्टीची डिप्लॉयमेंट हातानेच उघडली, इनिट कंटेनर उडवला, आणि दोन मिनिटांत सगळं उभं राहिलं.

आता लाजेची गोष्ट. मी ते फक्त फाइलीतच दुरुस्त केलं. मॉडेल तसंच, स्क्रिप्ट तशीच. आठवड्याने दुसऱ्याने एका किरकोळ बदलासाठी फायली पुन्हा काढल्या, माझी दुरुस्ती पुसली गेली. त्यानंतर परत लाईट गेली. परत तेच. तेव्हा मी गावाकडे होतो आणि फोनला रेंज नव्हती, बाकी काय झालं असेल ते समजून घ्या.

रात्री बसून मॉडेल बघितलं तर ते समोर लिहिलेलंच होतं. सौदा विचारते पट्टी. पट्टी विचारते सौदा. दोन ओळी, आमच्याच हाताने लिहिलेल्या, शुद्ध मराठीत. ज्या स्क्रिप्टने त्या ओळी वाचून फायली काढल्या, तिला फक्त विचारायचं राहिलं होतं की हे गोल तर फिरत नाही ना. पंधरा ओळींचं काम. फायलींमध्ये हेच शोधायचं तर वीसेक फायली चाळून पत्त्यांवरून ओळखावं लागलं असतं. म्हणून माझं आता मत झालंय, की मॉडेलमध्ये फाइलीचंच दुसरं रूप लिहायचं असेल तर लिहूच नये. फाइलीला जे सांगता येत नाही तेवढंच मॉडेलने सांगावं. आमच्या मॉडेलमध्ये मध्यंतरी पोर्ट, इमेज, प्रोबची (सेवा ठीक आहे का ते विचारणाऱ्या तपासणीची) सेकंदं असलं सगळं शिरलं होतं. म्हणजे एक यामल सोडून दुसरं यामल. ते सगळं काढून टाकलं.

पैठणगेट

गोष्ट भारी, पण एका ॲप्लिकेशनने स्वतःची वाट कधीच बघितली नसती, एवढं नोंदवून ठेवतो.

आंबाजोगाईची

वाचतेय. मी दिवसभर हेच काम करते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

इनिट कंटेनर स्क्रिप्टमधूनही काढून टाका. आणि तीच वाट बघणं रेडिनेस प्रोबमध्ये, म्हणजे 'काम घ्यायला तयार आहेस का' या तपासणीत, घालू नका. बरेच जण प्रोबमध्ये 'माझ्या खालच्या सगळ्या सेवा ठीक आहेत का' तपासतात. मग खालची एक खोकली की वरच्या सगळ्या आजारी पडतात, आणि गोल असेल तर परत तुमचीच सकाळ. प्रोबने फक्त स्वतःपुरतं सांगावं. समोरची सेवा नसेल तर थोडं थांबून परत विचारायचं, हे सेवेच्या कोडमध्येच असू दे.

दुसरं, 'विचारते'चा खरा उपयोग नेटवर्क पॉलिसीसाठी, म्हणजे कोणी कुणाशी बोलावं त्या नियमांसाठी, करा. पट्टीला फक्त सौदा आणि तोलाईशी बोलायची मुभा, बाकी दारं बंद. ही फाइल हाताने कुणीच नीट लिहीत नाही, कारण सेवा वाढल्या की जोड्या वाढत जातात. मॉडेलला त्या जोड्या आधीच माहीत आहेत. फक्त बाहेर जाणारा रस्ता बंद करताना डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीचा, पोर्ट ५३ मोकळा ठेवा. नाहीतर सगळ्या जोड्या बरोबर असूनही कुणालाच कुणाचं नाव सापडणार नाही. आणि क्लस्टरचं (कुबरनेटीसच्या मशीनच्या गटाचं) नेटवर्क या पॉलिसी पाळतं का तेही बघा. पाळत नसेल तर फाइल मुकाट्याने स्वीकारली जाते आणि काहीच होत नाही. के३एसमध्ये ती सोय आत आहे.

तिसरं, पासवर्ड मॉडेलमध्ये आणू नका. काढलेल्या फाइलीतही नको. सीक्रेट या कुबरनेटीसच्या पासवर्ड ठेवायच्या फाइलीत असतं ते बेस६४, म्हणजे नुसती वेगळी लिपी. कुलूप नव्हे.

मोंढाकाठ

@आंबाजोगाईची ताई, पोर्ट ५३ वाचून अंगावर काटा आला. काल संध्याकाळी आम्ही नेमकं हेच करून बसलोय आणि 'सर्व्हिस गायब झाल्या' म्हणून कपाळाला हात लावलाय. आत्ता ओळ टाकली. बोलायला लागलेत सगळे.

परभणीकर_पुण्यात

हातच्या बदलांबद्दल. काढलेल्या फायलींचं फोल्डर वेगळं ठेवा, तेही गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जाऊ दे, पण त्यात कुणी हात घालायचा नाही. हाताचं जे काही असेल ते कस्टमाइझच्या थरात लिहायचं. कस्टमाइझ २०१९ पासून क्यूबकंट्रोलच्या, म्हणजे कुबरनेटीसला हुकूम द्यायच्या साधनाच्या, आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. खाली जनरेटरने काढलेलं, वर तुमचं छोटं ठिगळ, 'पट्टीच्या प्रती एकाच्या तीन कर' असं. फायली कितीदाही काढा, ठिगळ शिल्लक राहतं. गिटमध्ये ठेवायचं कारण वेगळं आहे. मॉडेलमधली एक ओळ बदलली की कोणत्या फायली हलल्या ते डिफमध्ये, म्हणजे आधी-नंतरच्या फरकात, दिसलं पाहिजे. एका ओळीने अकरा फायली हलल्या तर माणूस चढवण्याआधी थांबतो.

मेमरीचे आकडेही ठिगळात. जनरेटरला ते कळू शकत नाहीत, मोजावे लागतात. जावाच्या सेवा असतील तर लक्षात ठेवा, कंटेनरला दिलेल्या मेमरीच्या २५ टक्केच हीपला (प्रोग्रॅमच्या डेटाच्या जागेला) घ्यायचे ही जेव्हीएमची, म्हणजे जावा चालवणाऱ्या इंजिनाची, मूळ सवय आहे. पोरं ५१२ एमबी देतात आणि हीपला १२८ का मिळाले म्हणून रडतात.

आयतं म्हणाल तर स्कोअर नावाचं साधन बघा. एका सेवेची एक फाइल लिहायची, त्यावरून कंपोजचंही निघतं आणि कुबरनेटीसचंही. कॉम्पोझ नावाचं दुसरं साधन घेऊ नका. ते कंपोजवरून कुबरनेटीस काढून देतं, पण कंपोजमध्ये मुळात जे सांगितलेलंच नाही ते कुठून आणणार?

गोदातीर (नांदेड)

ठिगळाला माझी एक हरकत. तेच ठिगळ तीन सेवांना लागलं, की ते ठिगळ राहत नाही, मॉडेलला एक शब्द कमी पडतोय असं समजायचं. आमच्याकडे मुलं ठिगळांवर ठिगळं लावत गेली. शेवटी मूळ कापड कोणतं ते ओळखू येईना.

मोंढाकाठ

@गोदातीर हे आमच्याकडे आधीच झालंय. आवक, सौदा आणि निरोप, तिघांनाही दसऱ्याला प्रती वाढवायचं ठिगळ आहे. तुरीला जानेवारीत परत तेच. म्हणजे 'हंगाम' असा शब्द मॉडेलमध्ये यायला हवा. मुनीमजींनाही तो कळेल. हंगाम : सोयाबीन, तूर. प्रती किती ते मात्र बाहेरच राहील.

@परभणीकर_पुण्यात स्कोअर बघितलं. सेवेची फाइल छान आहे, पण सेवा एकेकटी लिहायची म्हटल्यावर गोल कोण तपासणार? आमचं मॉडेल ठेवतो आणि त्यातून स्कोअरच्या फायली काढून बघतो. पुढची झंझट त्यांच्याकडे.

सोयाबीन_भाव

दादा, ती स्क्रिप्ट बघायला मिळंल का? माझ्या मामाचं उदगीरला अडत दुकान हाय. मॉडेल तर मलाबी लिहिता यायलंय असं वाटायलंय.

मोंढाकाठ

@सोयाबीन_भाव देतो, जरा पुसून-झाडून. आतल्या कॉमेंटमध्ये आमच्या एकमेकांना शिव्या आहेत.

हंगामचा बदल येळवशीला (वेळ अमावस्येला) चढवायचा ठरलंय. त्या दिवशी मोंढा बंद, सगळे शेतात. एकाने सकाळी ऑफिसात थांबून मशीनचा प्लग मुद्दाम ओढायचा आणि सगळं आपोआप उठतंय का ते बघायचं. चिठ्ठी टाकली, माझंच नाव निघालं. आंबील आणि भज्जी डब्यात आणून देतो म्हणालेत दोघं.

आंबाजोगाईची

प्लग दोनदा ओढा. दुसऱ्यांदा सगळं पूर्ण उठायच्या आधी.